सहावी ओळ

पौड फाट्याजवळ, ड्रायक्लीनरच्या वर आमचं ऑफिस.
खाली लग्नातले कोट नंबर टोचून रांगेत लटकतात,
वर माझ्यासमोर पडलेले प्रोग्राम.
पडण्याआधी प्रत्येकजण तेवढं लिहून ठेवतो:
कुठे होतो, कोणी बोलावलं होतं,
कोणत्या पायरीवरून पाय घसरला.

आजचे अकराशे चाळीस.
सगळे प्रिंटरच्या सेवेचे.
मंगळवारी अपडेट गेलं,
बुधवारपासून पहिले पाढे पंचावन्न.
एक यंत्र तर एका रात्रीत त्रेसष्ट वेळा,
पडतं, कळवतं, आपणहून उठतं,
पडतं, कळवतं.
समोर कोणी बसलेलंही नसावं.

फडतरे म्हणाले, चाळणी लाव.
लावली.
आधी मेमरीचे पत्ते पुसले,
ते दर खेपेला बदलतात, अकरा महिन्यांच्या भाडेकरूंसारखे.
फंक्शनांची नावं ठेवली,
ती घरमालकांसारखी, जागची हलत नाहीत.
वरची पाच नावं जुळली की आजार एक.
एका यंत्राचा दिवसाला एकच अहवाल,
बाकीचे न वाचता केरात.

एंटर.
अकराशे चाळीसचा उरला एक,
आणि त्याच्या शेपटीला आकडा.
तेजल गुंजाळ खुर्ची वळवून म्हणाली,
हे घरच्या भांड्यांना जमलं असतं तर.

तेवढ्यात फोन थरथरला. महापालिका:
'आपली तक्रार आधीच नोंदलेली आहे,
सबब बंद करण्यात येत आहे.'
सबब.
त्यांचीही चाळणी पाचच नावांची असणार:
पाणी, दाब, कमी, वारजे, पुन्हा.

अहवालात एक चौकट असते,
'तेव्हा तुम्ही काय करत होता?'
माणसं ती रिकामी सोडतात,
किंवा कखग,
किंवा शिवी, क्वचित शुद्ध, अनुस्वारासकट.
केर टाकण्याआधी शिव्यांसाठीच म्हणून मी खाली जात होते
आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

'दाखले छापायचे आहेत. मुलं बाहेर उभी आहेत.
कालपण हेच लिहिलं होतं.'

शाळा कुठली, गाव कुठलं, काही नाही.
वरची पाच नावं तंतोतंत जुळलेली.
सहावं वेगळं.
बाकीचे रांगेतला कागद वाचताना पडत होते,
हा अक्षर शोधताना.
कुणाच्या तरी नावातल्या जोडाक्षराशी येऊन
अख्खी सेवा बसत होती मटकन,
आणि बाहेर तो मुलगा,
किंवा ती मुलगी,
सही-शिक्क्याची वाट बघत.

मी पाचाचे सहा केले.
ढीग उकलला: एक हजार नव्याण्णव, आणि एक्केचाळीस.
एक्केचाळीस जण बुधवारपासून भलत्याच रांगेत.
मग सात करून पाहिले,
तर तीनशे ढिगुल्या झाल्या, सगळ्या एकाच दुखण्याच्या.
परत सहा.
सहाच का, ते मला कोणाला समजावता येणार नाही.
फडतरेंना तर नाहीच.
ते म्हणाले, काल एक होता, आज दोन कसे?
मी म्हटलं, कालही दोनच होते.

कारकुनाला उत्तर लिहायला गेले,
पण अहवालाला परतीचा पत्ता नसतो,
तो आम्हीच काढून टाकतो, खाजगीपणासाठी.

घरी पहाटे सहाला नळ खाकरला.
बादलीखाली उकिडवी बसून
महापालिकेची चौकट परत उघडली.
या वेळी 'पाणी' हा शब्द टाळला.
लिहिलं:
तिसरा मजला, स्वयंपाकघर.
मागच्या तक्रारीत धार पेन्सिलीएवढी होती.
आता तिच्यातल्या शिशाएवढी आहे.
ही तक्रार वेगळी आहे.