चौदा नंबर

नाव काढायला एकशे साठ डिग्री लागतात
आणि कोपरा उचलायला माझा जुना चिमटा.
घाई केली की कापड भाजतं,
रेंगाळलं की डिंक पसरतो.
लॉन्सेस्टनच्या मैदानाखाली, बिनखिडकीच्या खोलीत
मी, विनिफ्रेड पेंगेली, जर्सीवरून मुली उतरवते
आणि दुसऱ्या चढवते.
हंगामाच्या आधीचा आठवडा. दरवर्षी.

टीमचे मालक मी कधी पाहिले नाहीत.
आधी वीज विकणारे होते, आता विमा विकणारे आहेत.
छातीवरचं चिन्ह त्यांचं, ते कापडातच विणून येतं.
सुटतं ते फक्त पाठीवरचं.

परवा टिलयार्ड काढली.
सात अक्षरं. सहा हंगाम. लेगस्पिन.
फोन चार मिनिटांचा होता म्हणे.
ती तेव्हा स्कॉट्सडेलला, अफूच्या शेताच्या कडेला,
डॉक्टरांच्या हाताखाली एका अडलेल्या घोडीपाशी,
कारण क्रिकेट चार महिन्यांचं
आणि जनावरं बारा महिने आजारी पडतात.
"बरं," ती म्हणाली, "बरं, बरं,"
आणि हातमोजा पुन्हा कोपरापर्यंत चढवला.
हे तिच्या आईने सांगितलं, भाजीच्या दुकानात,
माझ्याकडे न बघता, फ्लॉवर उलटापालटा करत.

मला तिच्याबद्दल ठाऊक ते एवढंच:
सोळा जणींत ती एकटी
मोजे सुलटे करून धुण्यात टाकायची.
अ‍ॅडलेडविरुद्ध शेवटच्या षटकात बावीस धावा गेल्या,
दार आपटत सगळ्या बसकडे निघून गेल्या,
त्या रात्रीही टोपलीत तिचे दोन मोजे.
सुलटे.

नवी मुलगी पर्थहून आली. लिम. एकोणीस वर्षांची.
नव्या जर्सी मेलबर्नच्या गोदीत अडकल्या,
संप की कस्टम, कुणीतरी सांगितलं, मी विसरले.
म्हणून चौदा नंबर तिला.
तीन अक्षरं सातांच्या जागेला कशी पुरणार?
मधोमध लिम, आणि दोन्ही अंगांना
उरलेल्या टिलयार्डची पुसट कड.
दिवसा दिसत नाही.

पण सामना रात्रीचा.
टेमर नदीवरून दव आलं, कापड ओलावलं,
दिवे लागले आणि डिंकाचा माग चमकू लागला,
गोगलगाय भिंतीवरून गेल्यावर राहतो तसा.
लिम सीमेकडे धावली, पाठ आम्हा सगळ्यांकडे,
चेंडू डोक्यावरून येणारा, हात एकच, तोही डावा,
आणि झेल घेऊन ती पडली तेव्हा
कठड्यावरचं एक पोरगं ओरडलं,
"टिलयार्ड!"
ती वळली. हसली. हात वर केला.
हाक आपल्याला नाही, हे तिला कसं कळावं?
पाठीवरचं नाव ज्याचं त्याला कधी वाचता येत नाही.

मग खाली आली, गुडघ्याला गवत चिकटलेलं.
"मिसेस पेंगेली, हे जुनं पूर्ण निघत नाही का?"
मी यंत्राची वायर गुंडाळत होते.
म्हटलं, नाही गं. एकदा बसलं की बसलं.
"कोण होती?"
फिरकी टाकायची, मी म्हटलं.
पुढे काही सुचेना.
मोज्यांचं कुणाला कसं सांगायचं.
तिने जर्सी माझ्या हातात दिली,
उलटी, एक बाही आत अडकलेली.
ती गेल्यावर मी बाही ओढून बाहेर काढली.

कपाटात, वरच्या फळीवर, एक बाटली आहे.
निळं झाकण. दोन थेंब आणि सुती फडकं,
डिंक पाच मिनिटांत साफ.
केव्हाची आणून ठेवलीय.
सील तसंच आहे.