जास्तीच्या प्रती

झेरॉक्सवाल्याला सगळ्यांचं सगळं कळतं.
कुणाचं नाव सातबारावर चढलं, कुणाचं उतरलं,
घटस्फोटाचे कागद कोण दोनदा मोजून घेतं.
मी वाचत नाही. डोळे वाचतात.

ती आली तेव्हा टिळक रोडवर चारचं ऊन
समोरच्या पाटीवर चढलं होतं.
तिनं कागद पालथे ठेवले, कोरी बाजू वर.
म्हणाली, पाच पानं, दोन-दोन प्रती.
उलटून पाहण्याआधीच मी ओळखलं:
चौथ्या पानावर तक्ता असणार,
तक्त्याखाली एक आकडा, आकड्याभोवती पेनानं काढलेला गोल.
तसाच एक गोल
आमच्या कपाटात, रेशनकार्डाखाली,
तीन वर्षं पडून आहे.

त्या दिवशी रिक्षात हेमांगी काहीच बोलली नव्हती.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला एवढंच म्हणाली,
नाव तरी निनाद ठेवायला नको होतं.

नदीकाठी ढोलांचा सराव सुरू झाला
की निनाद पलंगाखाली जातो.
पहिल्या वर्षी आम्ही त्याला बाहेर ओढलं.
दुसऱ्या वर्षी मी पथकातल्या पोरांशी भांडून आलो.
तिसऱ्या वर्षी चादर घेऊन
मीच पलंगाखाली गेलो.
फरशी गार असते तिथे.
आणि ढोल कानात नाही,
बरगडीत वाजतो.
चाळिशी आली तरी मला हे ठाऊक नव्हतं.

दत्तवाडीच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
शनिवारी आम्ही पहिलीच्या बाकांवर
गुडघे छातीशी घेऊन बसतो.
शाहीन बागवान शेंगदाण्याची चटणी आणते, भांडणंही आणते.
गोसावी सर नातवासाठी येतात, सगळं वहीत उतरवतात.
त्या वहीची ही यादी झाली, माझ्या अक्षरात:

ससूनला दाखल्यासाठी जाताना दोन माणसं हवीत,
एक रांगेत, एक मुलामागे व्हरांड्यात.
स्पीच थेरपीच्या बाई फोन उचलत नाहीत, मेसेज करा.
चौकातली बालवाडी "नाही" म्हणते.
गल्लीतली "बघू" म्हणते. बघू म्हणजे हो.
पर्वती पायथ्याचा न्हावी मशीन लावत नाही,
मूल पायरीवर बसलं तर पायरीवर कापतो,
आज अर्धं डोकं, उरलेलं परवा, पैसे एकदाच.
सासूला कसं सांगायचं:
(हा रकाना अजून कोरा आहे.)

वीस प्रती हव्या होत्या.
पण हिरवं बटण निनादचं.
काचेखालून उजेड सरकतो
आणि तो मान वळवत त्याला पोचवून येतो
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
पुन्हा, पुन्हा, त्रेसष्ट वेळा.
मी थांबवलं नाही.
कागद महाग झालाय, तरी.

तिनं त्याच्याकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग भिंतीवरच्या लॅमिनेशनच्या दरांकडे, बराच वेळ.
मला खूप बोलायचं होतं.
तोंडातून निघालं ते
वीस रुपये.

तिच्या गठ्ठ्यात, तिसऱ्या नि चौथ्या पानाच्या मधे,
यादीची एक प्रत मी सरकवून दिली,
मशीनचीच चूक झाल्यासारखी.

शनिवारी ती आली नाही.
पुढच्या शनिवारीही नाही.
खिडकीजवळच्या बाकावर शाहीन आपली पिशवी ठेवते,
कुणी जिन्यात वाजलं की उचलते,
पुन्हा ठेवते.

मग एका गुरुवारी दुकानातला फोन वाजला.
नंबर यादीच्या तळाशी आहे, बारीक अक्षरात.
नाव नाही, ओळख नाही.
मागे एक मूल
एकच शब्द एकाच उंचीवर ठेवत होतं,
एकावर एक ताटल्या रचाव्यात तसा.
"तो पायरीवरचा न्हावी," तिनं विचारलं,
"सोमवारी असतो का?"