गुंडाळी

लाउथ गावच्या दफ्तरखान्यात, तळघरातल्या लांब टेबलावर
अ‍ॅव्हरिल डाउस एक कागद उलगडते आहे.
रुंदी वीतभरही नाही, लांबी चार हात,
पट्टीला पट्टी खळीनं डकवलेली.
चारशे वर्षं गुंडाळून राहिल्यामुळे
सोडला की परत वळतो,
हाक मारली तरी कूस बदलून झोपणाऱ्या माणसासारखा.

एका घराची भिंत पाडताना सापडला हा.
दोन विटांमधल्या फटीत कुणीतरी कोंबलेला.
गवंडी म्हणाला, चिंधी असेल, टाकून देत होतो.

ह्यावर एका नटाचं काम आहे.
अख्खं नाटक नव्हे. तेवढा कागद परवडायचा कुणाला?
फक्त त्याची वाक्यं, आणि दर वाक्याआधी एक लांब रेघ,
रेघेच्या टोकाला दुसऱ्या कुणाचे तरी शेवटचे तीन शब्द.

— — — — — — दार कोण उघडतंय
मी, धनी. बाहेर फार गारठा आहे.
— — — — — — तिला सांगू नकोस
नाही सांगणार.

काय सांगायचं नाही? आणि ही कोण?
कागद म्हणतो, तुला काय करायचंय.
तू पडद्याआड कान देऊन उभा राहा,
ते तीन शब्द आले की बाहेर ये.

अशा भेंडोळ्याला फ्रान्सात रोल म्हणत.
इंग्रजांनी शब्द उचलला, कागद फाटले, शब्द टिकला.
त्याच्या मागे जावं तर लॅटिनमधलं एक लहानसं चाक सापडतं.
आधी चाक, मग भेंडोळं, मग भेंडोळ्यातला मजकूर,
मग मजकूर बोलणाऱ्यानं जे करायचं ते,
आणि आता कुणाचंही, कशाचंही काम:
बापाचा रोल, यकृताचा रोल,
पावात मिठाचा रोल काय, हेसुद्धा विचारतात लोक.
आपण भूमिका म्हणतो. तिच्यात निदान जमीन आहे,
दोन पावलं टेकण्यापुरती.
ह्यांचा शब्द मुळातच घरंगळणारा.

अ‍ॅव्हरिलच्या पिशवीत कौन्सिलचं पत्र आहे.
मंगळवारी आलं. तीन घड्या, खिडकीचं पाकीट.
एकतीस मार्चनंतर तुमचा रोल अस्तित्वात राहणार नाही.
तुम्ही नव्हे, रोल.
हा फरक समजावायला लिंकनहून एक मुलगा आला होता,
नव्या बुटांनी टाच सोलवटलेली, बिचारा लंगडत होता.
म्हणाला, ह्यात व्यक्तिगत काही नाही.
तिनं विचारलं, "मग व्यक्ती कुठे जाते?"
त्यानं फाईल पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली,
मग तिनंच त्याला चहा करून दिला
आणि ड्रॉवरमधून एक चिकटपट्टी.

सव्वीस वर्षं ती असे वळलेले कागद सरळ करते आहे.
हाडाची सुरी, ओलसर टीपकागद, शिशाची वजनं.
घाई केली की तडकतात.

आज दुपारी कागदाची पाठ दिसली.
वेगळ्या शाईत, वेगळ्या गिचमिड हातानं:
मेणबत्त्या सहा. कांदे. थॉमसकडून येणं, दोन पेन्स.
म्हणजे नाटक संपल्यावर हा हिशेबाला लागला.
हिशेब संपल्यावर भिंतीच्या फटीत,
वारा येऊ नये म्हणून.
आणि हे तिसरं काम त्यानं
पहिल्या दोन्हींपेक्षा कितीतरी अधिक काळ केलं,
वाक्य न चुकता.

अ‍ॅव्हरिल मोठ्यानं हसली. तळघरात दुसरं कुणी नव्हतं.

तिच्या स्वयंपाकघराची खिडकी नीट बसत नाही.
उत्तर समुद्राकडून येणारं वारं थेट मानेवर.
रात्री तिनं पत्र काढलं,
तीन घड्यांची सहा केली, बोटानं दाबून पाहिलं.
जरा जाड होतं. पाकीट काढून टाकलं.

मग बसलं.