केरी ते बांबोळी, आडवा

व्हॅनची मागली सीट काढून सोयरूने गादी घातली
आणि मी आडवा, पाय दाराकडे.
सत्यवती म्हणाली, पाय दाराकडे नकोत.
मग मला उलटा फिरवला, अर्धा तास गेला त्यात.
शेजारी अंगणात उभे राहून सल्ले देत होते,
कपाट जिन्यावरून उतरवताना देतात तसे.

कपाटं मी पुष्कळ वाहिली.
चाळीस वर्षं. एक दोर कपाळाला, एक कमरेला.
त्यातलंच कुठलंतरी एक
अजून माझ्या पाठीवरून उतरलेलं नाही.

आडव्या माणसाला रस्ता दिसत नाही,
फक्त शेंडे.
किंदळ, जांबा, मधेच विजेच्या तारा, पुन्हा किंदळ.
साखळी आली ते खड्ड्यांनी सांगितलं,
आमोण्याचा पूल आवाजाने:
टक्, टक्, टक्.
सांधे ढिले झालेत, मी म्हटलं.
पुलाचे की तुमचे, सोयरूने विचारलं
आणि मग स्वतःच गप्प झाला.

बांबोळीला खुरसापाशी गाडी थांबवायला लावून
सत्यवती उतरली, मेणबत्ती लावून आली.
सकाळी सातेरीपुढे नारळ ठेवलाच होता.
त्या वेळी कोण जागं असेल सांगता येत नाही, म्हणाली.

डॉक्टरीण अस्नोडकर माझ्या धाकटीच्या वयाची.
तिने पडद्यावर माझा कणा दाखवला.
कुजलेली चौकट ओळखायला मला चष्मा लागत नाही.
आठ स्क्रू, दोन सळ्या, ती म्हणाली.
मी विचारलं, आधी भोक पाडता की सरळ पिळता?
ती हसली नाही. आधी भोक.
केवढं?
तिने दोन बोटांत धरून दाखवलं.
तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.
सुक्या लाकडात मेण लावल्याशिवाय स्क्रू पिळू नये,
हे मात्र सांगायचं राहिलं.

बाजूच्या खाटेवर कुडतरीचा आग्नेल, रेंदेर,
माडावरून पडलेला.
तुला झाड उभं लागतं, मला आडवं, मी म्हटलं,
आणि बघ, निजवलंय दोघांना सारखंच.
रात्री झोपेत तो हातपाय वर ओढायचा.
चढत असावा.
पहाटे माझी ढकलगाडी निघाली तेव्हा
उशीवरूनच म्हणाला, बरें जातलें, मेस्ता.
छतावरचे दिवे मोजत गेलो. अकरा.
बारावा आठवत नाही.

नंतरचं सांगण्यासारखं नाही.
तहान. ओला कापूस ओठांवर.
कुणीतरी माझं नाव चुकीचं घेत होतं
आणि मी त्यालाच ओ देत होतो.

चौथ्या दिवशी उभा केला,
दोन मुलींनी दोन काखांत धरून.
पाहतो तर समोरचं दार ओळंब्यात नाही.
वरच्या बिजागरीचा एक स्क्रू गेलेला,
खालचा कोपरा फरशीवर घासून
पाव वर्तुळ उमटलेलं, कितीतरी जुनं.
डोळ्यांत पाणी आलं.
फार दुखतंय का हो, त्यांनी विचारलं.
दाराकडे बोट दाखवायला
एकही हात मोकळा नव्हता.

परतताना सीट जागेवर होती.
कमरेला पट्टा, मी ताठ, बोहल्यावरचा नवरा जसा.
या खेपेला शेंडे नाहीत, खोडं.
कुठल्यातून किती फळ्या निघतील
याचा हिशेब माशेलपासून आपोआप सुरू झाला
आणि केरीच्या अलीकडे, का कोण जाणे, तुटला.

दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही,
सहा महिने. कागदावर लिहून दिलंय.
संध्याकाळी सत्यवती दुकानातून वजनकाटा मागून घेऊन आली.
त्यावर बाबांचा रंधा ठेवला.
दोन किलो तीनशे.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मी म्हटलं, पातं काढ
आणि पुन्हा ठेव.