टोपीचा खिळा

खणभागात आमचा प्रेस होता तेव्हा
आवटी सरांचं संख्याशास्त्र छापायला आलं.
एकशे बारा पानं शाईनं लिहिलेली,
आणि पानोपानी कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर काहीतरी:
रेघ, बाण, लाट, टोपी.

दस्तगीरचाचा तांबोळी म्हणाले, त्यात काय नवीन?
जन्मभर अक्षरांवर मात्राच चढवतोय की आपण,
रफार उडू नये म्हणून श्वास धरून गॅली उचलतोय.
ही तर इंग्रजी पोरं,
शिरोरेघेचं छप्परसुद्धा नाही बिचाऱ्यांना.

पण मात्रेला केसमध्ये खण होता.
टोपीला नव्हता.
चाचांनी सहा पॉइंटचा व्ही घेतला, उलटा धरला,
झाली टोपी.
खाली सिगारेटच्या पाकिटातला कागद, घडी घालून,
डगमगू नये म्हणून.

आयवर मात्र टोपी बसेना.
त्याचं टिंब मध्ये यायचं.
मी कानस घेतली आणि टिंब घासलं.
असे अठरा आय भुंडे केले एका दुपारी,
उमेदवारीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम.
चाचा म्हणाले, मालकाला बोलू नकोस,
खिळ्यांचे पैसे कापेल.

त्रेचाळिसाव्या पानावर एक टोपी पडली.
सर विश्रामबागेहून सायकलवर आले, भर उन्हात,
प्रूफ टेबलावर आपटलं नाही, ठेवलं.
म्हणाले, तांबोळी, बाजारात पोत्यातून मूठभर हळद काढतात ना?
त्या मुठीवरून अख्खं पोतं सांगतात.
जे सांगतात, त्याला टोपी.
पोत्यात खरं काय आहे, त्याला नाही.
तुम्ही टोपी पाडलीत
म्हणजे आपण पोत्यात बसून आलो असं झालं.

चाचा काही बोलले नाहीत.
संध्याकाळी रॉकेलनं हात धुताना म्हणाले,
माझा जन्म एक जूनचा.
मास्तरनं लिहिला, शाळेत नाव घालताना.
अम्मा म्हणायची, तू झालास
तेव्हा नदी घाटाच्या वरच्या पायरीला लागली होती.
आता तूच सांग, जूनच्या एक तारखेला
कृष्णेला कुठलं पाणी?
नखात शाई राहिली होती तेवढी बघत बसले.
मग म्हणाले, माझ्यावर पण एक बसव.

आता हरभट रोडला माझं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर.
बॅकस्लॅश, हॅट, महिरपी कंसात अक्षर,
टोपी आपोआप मधोमध.
आयसाठी अजून वेगळी आज्ञा द्यावी लागते,
बिनटिंबाचा आय मागवावा लागतो.
मला बरं वाटतं ते.
कानस कुणीतरी कुठंतरी ठेवली आहे अजून.

चाचा गेले तेव्हा पेपरातली जाहिरात मीच जुळवली.
नाव, वय, फोटो.
जन्म १ जून, आणि त्या एकवर
बारीकशी टोपी.
थोरला इम्तियाज स्क्रीनजवळ वाकला,
म्हणाला, इथं वर काहीतरी घाण पडलीय.
मी सांगायला तोंड उघडलं.
मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, लग्नपत्रिकावाली,
आणि इम्तियाजचे डोळे रडून सुजलेले.

काढली.

दुसऱ्या दिवशी पान सातवर
एक जून बोडकाच छापून आला.