पाऊणपट

पस्तीस वर्षं गुहागरच्या नळांत हात घातले मी.
जांभ्याचं पाणी. जी.आय.च्या लाइनीत
आतून गंजाचे फोड येतात,
शेवटी आगकाडी जाईल एवढंच भोक उरतं.
असला एक तुकडा कापून ठेवला होता,
गिऱ्हाइकांना दाखवायला.

म्हणून परकार डॉक्टरीणबाईंनी दंडाची पट्टी सोडली,
एकशे छप्पन म्हणाल्या, धमन्या ताठ झाल्यात म्हणाल्या,
तेव्हा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.
"हेच ना?"

त्यांनी तो खिडकीकडे धरला, आरपार पाहिलं.
"नाही हो आरेकर. नळ नुसता सोसतो.
ही भिंत जिवंत असते.
रक्त जोरात घासत गेलं की तिला कळतं,
ती सैलावते, वाट देते.
तुमच्या भिंतीला कित्येक वर्षांत
कुणी हाकच मारलेली नाही."

चाला म्हणाल्या. रमतगमत नव्हे.
बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये
इतक्या दमानं. रोज.

कोरड्या पुळणीत पाय रुततो.
चालायला ओली वाळू हवी, म्हणजे ओहोटी हवी,
म्हणजे बाबांचा हिशेब:
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
पौर्णिमा, पंधरा, सव्वाअकरा.
सव्वापाचला समुद्र लांब गेलेला,
अंधारात आसगोलीपर्यंत सगळी वाट माझी.
अष्टमीला सहा. पहाटे पाणी वर.
मग भर दुपारी, डोक्यावर ओला पंचा.

पहिले आठ दिवस पोटऱ्या रडल्या.
रापण ओढणारे म्हणाले, "भाऊ, काय हरवलंय?"
श्वास नव्हता उत्तर द्यायला.

तीन महिन्यांनी चिपळूणच्या शिबिरात
मानेला नि मांडीला काही लावून
नाडीची लाट किती वेगानं पळते ते मोजलं.
ताठ भिंतीतून ती सुसाट जाते,
मऊ भिंतीतून सावकाश.
माझी सावकाशली होती.
आणि मी जन्मभर समजत होतो
जोर म्हणजे तब्येत.
धक्क्यावर लाट थाडकन आपटते, सगळे बघतात.
पुळणीवर तीच पसरत येते, फेस होते,
तिकडे कोण बघतं?

मग लेकीचं बाळंतपण.
पनवेल, चौथा मजला, दीड महिना,
डिंकाचे लाडू तिच्यासाठी, खाणारा मी.
परत आलो तर आकडाही परत आलेला,
पूर्ण नाही, बराचसा.
"उसनं होतं होय?" मी विचारलं.
बाई हसल्या नाहीत.
"जुना गंज आहे तिथंच आहे, खोटं कशाला सांगू?
भिंत मऊ ठेवणं तेवढं आपलं.
तेही साठवून ठेवता येत नाही."

तो तुकडा त्यांच्याच टेबलावर राहिला,
केसपेपर उडू नयेत म्हणून.

आज षष्ठी. पाऊणपट साडेचार,
म्हणजे साडेदहाला ओहोटी.
ओकांच्या मोरीतला नळ गळतोय,
सकाळपासून तीनदा फोन.
बाराला येतो म्हटलं.
तोवर बादली लावा खाली.