मानमोडी

बाहेर शेहेचाळीस. आत, पेटीत, सदतीस.
मे महिन्यात अख्ख्या वर्धा जिल्ह्यात
एवढ्या सुखात कुणी नसतं
जेवढ्या वासुदेव झलकेच्या गालाच्या पेशी.

बाटलीवर नाव नाही, नुसतं ग-१४.
पण कागदावर सही मीच घेतली होती.
खर्ऱ्यानं तोंड दोन बोटंच उघडायचं त्याचं.
तेवढ्यातून म्हणाला, "घ्या. तुकड्याचं काय करान?"
"वाढवू," म्हटलं.
हसला. दोन बोटं.

तो पोळ्याच्या आधी गेला.
पेशी राहिल्या, गुलाबी पाण्यात,
जागा संपली की एकमेकींच्या अंगावर चढत.
शनिवारी मी त्यांना सोडवते, अर्ध्या टाकते.
लाइट गेली की आधी इन्व्हर्टरकडं धावते,
मग पंख्याची आठवण.

सोमवारी त्यांच्यावर विषाणू सोडला.
मॅडमनी त्याचं लांबलचक नाव फळ्यावर लिहिलं
आणि माझ्या तोंडून निघून गेलं : मानमोडी.
आमच्या अंगणात एका रात्रीत सतरा कोंबड्या,
माना पाठीला लागलेल्या.
माय त्यांना उकिरड्यामागं पुरून आली
आणि पातेलं घासत बसली, रिकामंच.

अठरा तास : काही नाही.
छत्तीस : धुरे मोडले.
दोन वावरं एक झाली, मग चार, मग मोजता येईना,
एकाच कातडीत वीस-वीस केंद्रकं
पिशवीत कोंबलेल्या कांद्यांसारखी.
मग तळ सुटला.
निळा रंग घातला; जित्या पेशी तो घेत नाहीत.
चौकोनामागून चौकोन मी निळंच मोजत गेले.
शेजारची बाटली, विषाणू नसलेली,
वाढतच होती, नाल्यावरच्या बेशरमासारखी.

घरी सांगितलं. माय डाळ पाखडत होती.
"मानमोडीनं क्यान्सर मरते?"
"बाटलीत मरतो."
"मंग त्याले काऊन नाही देल्ली?"
सूप थांबलं नाही.
मी सांगत राहिले, बाटलीला रक्त नसतं, ताप नसतो,
तिथं विषाणूला अडवणारं कुणी नसतं...
"बरं," माय म्हणाली.

नवव्या दिवशी बाटली टाकायला काढली
आणि सवयीनं भिंगाखाली धरली.
कोपऱ्यात, मोहरीएवढ्या जागेत,
अकरा पेशी. तळाला घट्ट.
कदाचित विषाणू पोटात घेऊनच,
हळू, फार हळू, वाढणाऱ्या.
मॅडम सुट्टीवर.
नवं पाणी घातलं.
वहीत लिहिलं : ग-१४, जिवंत, ११.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
पेटीचं दार दोन बोटं उघडून
बाटली आत सरकवली.